खिडकीतली हाक

बोईसर स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात माझ्या शेजारच्या मंजुळाताई खिडकीशी बसायच्या. गिऱ्हाइकं पाड्यांवरची, कारखान्यांतली, बरीचशी न शिकलेली. पुड्या बदलू नयेत म्हणून ताई दुखणं पुकारूनच पुडी देत. "खरूजवाला कोण? जुलाबाच्या गोळ्या कोणाच्या?" लोक हसत, हात वर करत. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

चिंधू रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे रोजावर होता. एका संध्याकाळी ताईंनी मायेनंच हाक दिली, "चिंधू, ही तुझी टीबीची पुडी. एक दिवस चुकवू नको हो!" मागे त्याचा मुकादम बामची बाटली घ्यायला उभा होता. दुसऱ्या दिवशी चिंधूला गेटवरूनच परतवून लावलं.

त्याची बायको भागी दुकानात आली. "बाय, तूच वरडलीस ना? आता तो गोळ्या खात नाय. बोलतो, गोळ्यांनीच काम घालवला."

ताईंनी चिंधूच्या गोळ्यांची पुडी बाजूला काढून ठेवली.

मग मुकादम आला. "असले अजून कोण कोण येतात? नावं सांगा. कारखान्याची मलमपट्टी तुमच्याकडूनच घेऊ."

दुकानाचे मालक कमलाकांतशेठ ताईंकडे बघू लागले.

"मला नाही आठवत," ताई म्हणाल्या.

"परवा तर दवंडी पिटत होतात!"

"म्हणूनच आज तोंड बंद आहे."

तो गेल्यावर शेठ चिडले. "नावं सांगू नयेत असा कायदा आहे का? येईल तेव्हा पाळू."

"येईल हो, शेठ. पण तोवर चिंधूनं काय करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून ताई पुडीला रंगीत दोरा बांधू लागल्या. त्याच रंगाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात. दोरा दाखवायचा, पुडी घ्यायची. "ताई, राखी बांधता का आमाला?" लोक चिडवत. ताई हसत नसत.

रविवारी त्या स्वतः चिंधूच्या पाड्यावर गेल्या. शेजारणी जमल्या. "काय आणलंस गं बाय?"

"त्याचं त्याला."

चिंधूनं हिरव्या दोऱ्याची पुडी हातात घेतली, दोरा सोडला. मग म्हणाला, "भागी, पानी दे."

काम मात्र त्याला परत मिळालं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ताई त्याचं नाव घेत. दुखणं तिथंसुद्धा उच्चारत नसत.