ओळ अर्धी सोडायची नाही

तिला सगळे ‘चालती’ म्हणत, आणि त्यात चेष्टा कमी, कौतुक जास्त होतं. खाडीकाठच्या दलदलीखाली सातशे वर्षांपूर्वी समुद्राने गिळलेलं एक गाव होतं. ते खणायचं नव्हतं, नुसतं वरून चाचपायचं होतं. भाजलेल्या विटा, चुली, भट्ट्या, बुजलेले चर यांचं चुंबकत्व आजूबाजूच्या चिखलापेक्षा वेगळं असतं. ते टिपणारं मॅग्नेटोमीटर नावाचं लांबट यंत्र हातांत धरून, जमिनीवर ताणलेल्या दोरीच्या कडेने सरळ जायचं, वळायचं, पुढच्या दोरीने परत यायचं. बस, एवढंच काम. पण त्यात भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येई.

यंत्र ठरावीक वेळाने ‘पिप्’ करतं. प्रत्येक पिप्‌ला चालणाऱ्याचं पाऊल दोरीवरच्या पुढच्या खुणेवर पडायलाच हवं, मग खाली चिखल असो की खड्डा. यंत्राला पाय दिसत नाहीत. ते वेळ बघून जागा धरतं. पाऊल मागे राहिलं की नकाशातली भिंत जाताना एकीकडे सरकते, येताना दुसरीकडे, आणि सरळ भिंतीला करवतीसारखे दात फुटतात. चालतीच्या भिंतींना कधी दात फुटले नव्हते.

अंगावर लोखंड चालत नाही, म्हणून हुक नाही, पिन नाही, चावी नाही. कपड्यांना सगळ्या नाड्याच. “ही कामाला निघते की एक्स-रे काढायला, काही कळत नाही,” असं तिची वहिनी म्हणायची. चालतीला संसार नव्हता. भाऊ-वहिनीच्या घरातली मागची खोली तिची. तिचा नियम एकच: ओळ अर्धी सोडायची नाही. अर्धी सोडली की नकाशाला भोक. एकदा गाय अंगावर आली तरी तिने ओळ पुरी केली होती, असं ती सांगे. ती गाय दर वेळी सांगताना जरा मोठी व्हायची.

आता दुखणं सांगतो. चालतीचे कान गेले होते.

अगदी ठार बहिरी नव्हती ती. समोर बसून बोललेलं कळायचं. आधी गेले ते बारीक आवाज: कुकरची शिट्टी, दाराची घंटा आणि यंत्राची ती पिप्. वाऱ्यात तर लांबची हाकही विरून जाई. डॉक्टर म्हणाले, कानाचं मशीन घ्या. पण त्या मशीनमध्ये इवलंसं चुंबक असतं आणि चुंबक अंगावर घेऊन हे काम करता येत नाही. चालतीने डॉक्टरांची चिठ्ठी फाडली आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. पाय इतके मुरलेत की त्यांना कान लागत नाहीत, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नकाशे सरळच येत होते. मनातल्या मनात तिने स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दोऱ्या आणि खुंट्या सांभाळायचा तिचा मोठा भाऊ. त्याला सगळे दादाच म्हणत. दोरी लावून झाली की खरं तर त्याने कडेला बसायचं, पण तो तिच्या डाव्या हाताला चार पावलं सोडून बरोबर चालत राही. “एकट्याला करमत नाही गं मला,” म्हणायचा.

मग एक दिवस दादा ओहोळाच्या काठावरून घसरला आणि त्याचा गुडघा मुरगळला. चालतीची पाठ होती तिकडे. ती ओळ संपवून वळली, तेव्हा तो चिखलात बसलेला दिसला. “ओळ सोडली नाहीस, छान केलंस,” तो म्हणाला. तिलाही ते छानच वाटलं. तेव्हापासून दादा खुंटीपाशी स्टूल टाकून बसू लागला आणि चालती एकटी चालू लागली.

महिन्याभराने मोजणीचं सगळं काम बघणाऱ्या मॅडमनी दोघांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानामागची एक खोली. आत दोन टेबलं, वाळत घातलेले गमबूट आणि एक मोठा स्क्रीन. मॅडम भूभौतिकी शिकलेल्या, स्वभावाने सरळ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. स्क्रीनवर गावाची मुख्य गल्ली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना दात फुटले होते.

“सगळीकडे सारखीच चूक असती तर कॉम्प्युटरवर सरळ केली असती. इथे एक ओळ पुढे, एक मागे, काही धरबंदच नाही. दोऱ्या ढिल्या होत्या का, दादा?”

चालतीने नजर वाळत घातलेल्या गमबुटांकडे वळवली.

“हो,” दादा म्हणाला. “गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं. खुंट्या नीट बसल्या नाहीत.”

“मग सांगायचं तरी! येत्या उधाणाला खारफुटीसाठी जुना बांध फोडणार आहेत. ही सगळी जमीन समुद्राला जाणार. परत मोजायला ती राहणार आहे का?” मॅडमनी डोकं धरलं. “उद्यापासून तुम्ही घरी आराम करा.”

घरी वहिनी दादाचा गुडघा शेकत होती. चालती दारातच उभी राहिली.

“खुंट्या घट्ट होत्या. मी बघितल्यात. खोटं का बोललास?”

“मग काय सांगायचं होतं? बहिणीला ऐकू येत नाही म्हणून?”

“तुला कोणी सांगितलं?”

“वेडे, तुझ्या बाजूने उगाच चालत होतो का मी इतकी वर्षं? पिप् मला ऐकू यायची. मी पाऊल टाकायचो आणि ते बघून तू टाकायचीस. तुझं तुलाही कळत नव्हतं.”

चालतीच्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे मी काहीच करत नव्हते?”

“चालत होतीस की.”

“आणि तू पडलास तेव्हा?”

दादाने वहिनीकडे पाहिलं. उत्तर वहिनीनेच दिलं. “हाका मारून घसा बसला होता त्यांचा. घरी आले तेव्हा आवाज फुटत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी चालतीने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या यंत्र उचलून गल्ली पुन्हा मोजायला स्वतः निघाल्या. चालतीने खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. उधाण तोंडावर आलं, तोवर मॅडमची कंबर धरली. गल्लीच्या टोकाचा एकच तुकडा उरला होता. बांधावर बुलडोझर येऊन उभे होते.

तेवढ्यात दादा काठी टेकत आला. काठीच्या बुडाची लोखंडी टोपी त्याने घरीच काढून ठेवली होती.

“यंत्र तिला द्या. मी चालतो बाजूने.”

“गुडघ्याचं वाटोळं होईल,” चालती म्हणाली.

“गल्ली अर्धी राहील त्याचं काय?”

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण तिलाही एकदा शेवटचं चालायचं होतं. हा स्वार्थ होता आणि तिला तो कळत होता. तिने यंत्र उचललं.

या वेळी ती उघड उघड त्याच्या पावलांकडे बघत चालली. पाऊल उठे, थरथरे, खुणेपाशी पडे. त्याचा चेहरा बघायची तिची छाती झाली नाही. एकामागून एक ओळी सरत गेल्या. मॅडम हाताने ‘सरळ, सरळ’ अशी खूण करत होत्या. शेवटच्या ओळीच्या मध्यावर डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाऊल नाहीसं झालं.

पंधरा-सोळा पावलं उरली होती. यंत्र काही थांबणार नव्हतं. त्याच्या लेखी ती चालतच राहणार होती. चालती थांबली. तिने यंत्र चिखलात ठेवलं आणि मागे वळली. दादा पालथा पडला होता, कोपरावर रेटून मान वर काढत होता आणि तिच्याकडे बघून काहीतरी ओरडत होता. तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. ती धावली.

त्याच उधाणाला बांध फोडला. नकाशात गल्ली आता सरळ आहे. शेवटच्या घरातून मात्र एक कोरी पट्टी जाते. दोन्ही बाजूंवरून अंदाज बांधून ती भरता येईल, असं मॅडम म्हणाल्या. चालतीने हात जोडले. “राहू द्या तशीच.”

दादाचा पाय पुन्हा पूर्ण वाकला नाही. चालतीने कानाचं मशीन घेतलं. ते लावून घरी आली, तेव्हा दादा खाटेवर पाय पसरून बसला होता. तिने पहिली गोष्ट विचारली ती हीच.

“त्या दिवशी पडलास, तेव्हा काय ओरडत होतास?”

“‘थांबू नकोस, ओळ पुरी कर’ म्हणून ओरडत होतो.”

हे शब्द तेव्हा ऐकू आले असते, तर तिने ओळ पुरी केली असती. दोघांनाही ते माहीत होतं. तिने त्याच्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली आणि कानातल्या मशीनचा आवाज थोडा कमी केला.