उजव्या बाजूची पदकं

कॅप्टन पेनरोज माझे शेजारी. न्यूझीलंडमधल्या आमच्या हावेरा गावात त्यांच्याइतका हट्टी म्हातारा दुसरा नसेल. अठराव्या वर्षी इथल्याच लढाईत उतरले. त्या लढाईचं पदक छातीवर लावत, पण फुशारकी कधी मारली नाही. "जमीन त्या माओरी लोकांची होती, बाई," एवढंच म्हणायचे. मग फौजेतर्फे रस्ते बांधले, पन्नाशीला आफ्रिकेत घोड्यावरून लढले, कॅप्टन होऊन परतले. तिथलं पदक दुसरं. दोन्ही पदकं इतकी घासत, की त्यांवरच्या राणीचं नाक सपाट झालंय.

त्यांचा एकुलता एक मुलगा एडगर महायुद्धात तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढायला गेला आणि बेपत्ता झाला. आठ वर्षं झाली. सरकारने त्याची पदकं पोस्टाने पाठवली, तर म्हाताऱ्याने डबी उघडलीसुद्धा नाही.

आमच्याकडे रीत अशी, की स्वतःची पदकं डाव्या छातीवर आणि गेलेल्या माणसाची त्याच्या घरच्यांनी उजव्या. गॅलिपोलीच्या आठवणीत एप्रिलमध्ये निघणाऱ्या संचलनाला निम्म्या गावाची उजवी बाजू चमकते. कॅप्टनची नेहमी कोरी.

"उजवीकडे लावली की मेला म्हणायचा," ते म्हणत. "एडगर येईल तेव्हा स्वतःच लावेल."

सून नोरा त्यांचं सगळं करायची. दूध कारखान्यातला लेनर्ड टेट तीन वर्षं तिची वाट बघत होता. शेवटी त्याला दूर वायकाटोला नोकरी लागली. संचलन झालं की दुपारच्या गाडीने तो निघणार होता. नोरा त्याला म्हणाली, "तू जा. बाबांच्या देखत मी एडगरला मेलेला म्हणू शकत नाही." आणि माझ्या ओट्यावर येऊन रडली.

माझं डोकंच फिरलं. तशीच गेले.

"कॅप्टन, तुमचा मुलगा तुम्हाला हवाय, ते कळतं मला. माझाही एक तिथेच पुरलाय. पण त्या पोरीचं काय? ती धड विधवा नाही, धड लग्नाची नाही. तुमचं जेवणखाण करत म्हातारी व्हायची का?"

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. म्हणून तर सांगतेय."

त्यांनी तोंड फिरवलं. मीही दार आपटून आले. रात्रभर वाटत राहिलं, जरा जास्तच बोलले.

संचलनाच्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून दरवर्षी पदकं मीच टाचते. डावीकडची टाचून झाली. मग त्यांनी खिशातून ती डबी काढली. कडेचा कागद स्वतःच फाडला.

"ही उजवीकडे," ते म्हणाले. "सरळ लावा. एडगरला वाकडं काही चालायचं नाही."

मला सुई दिसेना. कशीबशी लावली.

फाटकात नोरा उभी होती. तिचं लक्ष त्यांच्या छातीकडे गेलं आणि ती जागीच थांबली. पलीकडे, रस्त्याच्या कडेला, लेनर्ड टोपी हातात घेऊन उभा. "सुप्रभात, कॅप्टन," तो म्हणाला.

कॅप्टननी आवाजाच्या अंदाजाने तोंड वळवलं. "टेट, तिकडे का उभा? हिला हात दे. रस्त्यात चिखल आहे. आणि दुपारची गाडी जाऊ दे. आज आमच्याकडे जेव."