मिरजेतल्या मेलच्या खऱ्या तारखा

संयोगिता मोहिते मूळची उंब्रजची. नवरा फौजेत, त्यामुळे लग्नानंतर बरीच वर्षं छावण्यांमधून गेली. मुलीच्या कॉलेजसाठी ती मिरजेत स्थिरावली आणि सुमंतकाकांच्या तंबोऱ्यांच्या दुकानात परदेशी गिऱ्हाइकांचे मेल बघू लागली. माझ्या तंबोऱ्याची जवारी काढून, म्हणजे तारांची गुंज नीट करून घ्यायला मी तिथे जातो, तशी आमची ओळख.

मागे दुकानातला जुना कॉम्प्युटर बदलला. मेल सगळे नव्यावर आले, पण प्रत्येकावर एकच तारीख, नव्यावर आणल्या दिवसाची. कुठल्या वाद्याचं आधी काय केलं, मग काय केलं, सगळी सरमिसळ झाली.

"जुनंच आहे, राहू दे," काका म्हणाले.

"आवं काका, तंबोरा परत दुरुस्तीला आला, तर भोपळा कवा बदललाय ते कुठं बघायचं?"

तिला हे काम कोणी शिकवलेलं नव्हतं. दुपारी डबा खाता खाता वाचून तिने शोधलं, की यादीत दिसते ती तारीख वरवरची. मूळ तारीख मेलच्या आत लिहिलेली असते. तिने सगळ्याची नक्कल काढली आणि प्रयोग त्या नकलेवरच केले. एकदा सगळं बिघडलं, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी गिऱ्हाइकांकडून आलेले मेल आपापल्या जागी बसले.

दुकानातून पाठवलेले मात्र अडले. जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपलेली. वीज गेली की त्याचं घड्याळ भलत्याच सालात जाई. म्हणजे मेलच्या आतलीही तारीख खोटी. मग तिने सरळ गिऱ्हाइकांनाच लिहिलं, की आमचा हा मेल तुम्हाला कधी मिळाला तेवढं कळवा. बऱ्याच जणांनी कळवलं. हॉलंडच्या एका बाईंनी तर जपून ठेवलेले सगळे मेल तारखांसकट पाठवले.

तरी थोडे उरलेच. ती माणसं आता नव्हती, किंवा त्यांचे पत्ते बदलले होते.

"अंदाजाने टाक की," काका म्हणाले.

"न्हाई काका. पुढं बघणाऱ्याला ती खरीच वाटंल."

'तारीख नक्की नाही' असं नाव देऊन तिने ते वेगळे ठेवले.

दिवाळीनंतर हॉलंडच्या बाईंचा तंबोरा आला, भोपळ्याला चीर गेलेला. काकांनी मेल क्रमाने वाचले, जुना जोड कुठे आहे ते कारागिराला दाखवलं आणि मगच हत्यार लावू दिलं. मला म्हणाले, "दुकान माझं, पण त्याची आठवण ठेवली या पोरीने."

संयोगिता तेव्हा त्या बाईंना उत्तर लिहीत होती.