लाल पोटाची जहाजं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वर्षानुवर्षं टाळली — आधी मान जाईल म्हणून, मग नुसती सवय म्हणून. आज जशी घडली तशी सांगतो.

भिलाईच्या कारखान्यात, प्लेट मिलमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. पोलादी प्लेटवरची केसाएवढी चीर मला लांबून दिसायची. म्हणून आमच्या मराठी मंडळानं चित्रप्रदर्शनाचा परीक्षकही मलाच केलं. चित्रातलं मला काय कळत होतं? पण नाही म्हणालो नाही.

सुखदेवभाऊ आमच्याच मिलमध्ये क्रेन चालवायचे. त्यांनी भलंमोठं चित्र आणलं होतं — बंदरातली तीन जहाजं. जहाजं कसली, काळ्या रंगाचे उभे तुकडे. खाली लालभडक पट्टा, तळाशी पाण्याची एक रेघ. आकाश नाहीच. मी प्लेट तपासावी तसे दोष काढू लागलो. जहाज पाण्यात बसलेलं असतं, मग हे एवढं वर कसं? आणि आकाश कुठं गेलं?

"रिकामं हाय ना थे, साहेब," सुखदेवभाऊ म्हणाले. "माल भरला का बसते खाली."

मी सगळ्यांदेखत विचारलं, "समुद्र कुठं पाहून आले जी तुम्ही? पावर हाउसच्या नाल्यात?"

हॉल हसला. तेही हसले. "हाव, तिथंच," म्हणाले, आणि चित्र भिंतीवरून उतरवलं.

इथवर माझं अज्ञान होतं. गुन्हा पुढचा आहे.

दोन वर्षांनी सहलीला विशाखापट्टणमला गेलो. बंदर दाखवणारी आमची लाँच एका रिकाम्या जहाजाच्या अगदी जवळून गेली. काळी भिंत, तिच्याखाली पाण्याबाहेर आलेलं लाल पोट — दोन पुरुष उंच. मी मान वर केली. आकाश दिसेना. सुखदेवभाऊंनी जहाज काढलंच नव्हतं. जहाजापुढं उभ्या माणसाला जे दिसतं, ते काढलं होतं. आणि ते एवढं मोठं का? रिकामं होतं म्हणून. चित्राचा हाच अर्थ आहे, आजही मी हे ठामपणे सांगतो.

पण तेव्हा? मंडळात सहलीच्या गप्पा निघाल्या, कुणीतरी नाल्याचा विनोद पुन्हा काढला — आणि मी हसलो. सगळं पाहून आलो होतो, तरी हसलो. सुखदेवभाऊ तिथंच बसले होते. त्यांनी पुन्हा कधी चित्र लावलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा ठरवून जुनवानीला त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, गुडघेदुखी झाली, मुलांच्या नोकऱ्या झाल्या. निघताना वहिनींनी विचारलं, "भाऊजी, काही काम होतं का जी?"

"नाही, सहज आलो होतो."

गेल्या हिवाळ्यात सुखदेवभाऊ वारले. त्या दिवशी जे बोलायला गेलो होतो, ते एवढंच होतं — सुखदेवभाऊ, तुमची जहाजं बरोबर होती. मी ती डोळ्यांनी पाहून आलो, आणि तरीही चारचौघांत तुम्हाला हसलो. माझं चुकलं.