आईच्या सुगीचा शरद

कॅनडातून लेकीचा मेसेज आला, "आई, फॉलमध्ये येते." मी ओल्या शेंगा निवडत होते. हाताला मातकट वास होता. फॉल म्हणजे पानगळ, पण पूर्वी इंग्रजही या ऋतूला हार्वेस्ट, म्हणजे कापणीच म्हणत. जर्मनांचा हर्ब्स्ट त्याच मुळाचा. कानडीतही सुगीला सुग्गी म्हणतात. जन्मभर मी हे वर्गात शिकवलं. आईचा शब्द मात्र मीच खोडला होता.

तेव्हा आम्ही आष्ट्याला होतो, मी सातवीत. वडील फौजेत, मोठी रजा वर्षातून एकदाच. आईला लिहिता येत नव्हतं. भुईमूग काढणीला आला होता. आई म्हणाली, "लिव, सुगीला या. माज्या एकटीनं हुयाचं न्हाई." मला सुगी गावंढळ वाटली. सहा ऋतू नुकतेच पाठ झालेले, म्हणून ऐटीत लिहिलं, "शरद ऋतूत यावे." आईला वाचून दाखवताना मात्र 'सुगीला या' असंच वाचलं.

वडील दोन महिन्यांनी आले. आईच्या एकटीनं रान आवरलं नव्हतं. अर्ध्या शेंगांना भुईतच कोंब फुटले होते.

"आगं, शरद कवा आसतो, ह्ये कुनाला इचारू? हसली आसती पलटनीतली पोरं," वडील पत्र पुढं करून म्हणाले.

आईनं ते पत्र माझ्या हातात दिलं आणि कोंब आलेल्या शेंगा निवडायला बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढचं पत्रही तिनं मलाच लिहायला लावलं. पण पाकीट चिकटवायच्या आधी ती ते घेऊन शेजारच्या काकूंकडं गेली, वाचून घ्यायला.