चोपलेल्या अंगणातला मोगरा

साल १९६७. मी चौतीस वर्षांचा होतो, आणि माझ्या अंगणात तिसरा मोगरा मरायला लागला होता.

मी दुसरीत होतो तेव्हा बाप मला भाईंदरच्या मिठागरावर घेऊन गेला. पाटी-पेन्सिल सुटली ती सुटलीच. पण जमिनीतलं मला कुणी शिकवायची गरज न्हाय, असं मी तेव्हा छाती काढून म्हणायचो. थोडंफार आजही म्हणतो.

मिठाचा वाफा कसा करतात ते आता कुणाला ठाऊक नसेल. दिवाळी झाली की आम्ही माणसं ओळीनं उभी राहून वाफ्याचा चिखल पायांनी तुडवायचो. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, तळ दगडासारखा होईपर्यंत. मग भोवती बांध घालायचा आणि खाडीचं पाणी पातळसं आत घ्यायचं. जमिनीनं पाणी प्यायचं न्हाय, उन्हानं प्यायचं. तसं झालं तरच मीठ पडतं. माझ्या तुडवलेल्या वाफ्यातून थेंब खाली जायचा नाही, आणि हे शेजारच्या आगरातली माणसंही कबूल करायची.

घरचं अंगणही मी त्याच हातानं करायचो. पाऊस गेला की जमीन खणायची, सपाट करायची, पाणी मारून चोपणीनं चोपून काढायची, वर बायको शेण सारवायची. त्यावर भात वाळवा, बोंबील वाळवा, खडा लागायचा नाही. लग्नकार्य असलं की लोक माझं अंगण मागायला यायचे. अंगण माझं आणि चूल तिची, असा आमच्या घरात कायदा होता. तिनं अंगणात कुदळ मारायची नाही, मी डब्यांत हात घालायचा नाही.

बायकोचं माहेर वरसाव्याचं, डोंगराच्या पायथ्याशी. तिकडची विहीर गोड. तिच्या आईनं परसात मोगरा लावलेला होता. आई गेली, मग भावानं ती जागा विकली. घेणाऱ्यानं परस साफ करून टाकलं. त्याआधी पावसाळ्यात बायकोनं तीन फांद्या तोडून आणल्या आणि डब्यांत जगवल्या. पहिली मी लावली, ती उन्हाळ्यात गेली. दुसऱ्या वर्षी दुसरी गेली. आता ही तिसरी.

"हिला नीट बघा हां," ती म्हणाली होती. "आता तोडायला तिकडं काडी पण उरली न्हाय."

"मी नीट बघत न्हाय असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठं काय म्हणतेय? बघा एवढंच म्हणतेय."

मग मी बघितलंच. त्या वर्षी मोगऱ्याला असा वाफा केला की कुणीही बघत राहावं. चारी बाजूंना सरळ बांध, तळ चोपून आरशासारखा. मधे मोगऱ्यापुरतं भोक. पाणी घातलं की चांगला वेळ वाफ्यात उभं राहायचं, आणि ते उभं राहिलेलं बघून मला समाधान वाटायचं. झाडाला पाहिजे तेवढं प्यायला मिळतंय, अजून काय हवं?

आमच्याकडे पावसाळा सरला की पुढच्या पावसापर्यंत वरून थेंब पडत नाही. जमीन खारी, वारा खारा, आणि घरची विहीर मचूळ. भांडी-कपडे तिच्यावर व्हायचे. प्यायचं पाणी बायका लांबच्या गोड विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. थंडीत मोगऱ्यानं बरी पानं काढली. बायको रोज सकाळी केस विंचरता विंचरता तिथं येऊन उभी राहायची.

होळी झाली आणि पानांच्या कडा करपायला लागल्या. मी पाणी वाढवलं. कडा अजून करपल्या. मी दोन्ही वेळा घालायला लागलो. रहाटाचा दोर ओढून तळहाताला फोड आले, आणि झाड रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट दिसायचं. वैताग यायचा. मिठागरावर अंग मोडून यायचं आणि घरी येऊन एका काडीपुढं हरायचं! मला वाटलं खाडीचा वारा लागतोय, म्हणून पश्चिमेला झावळ्यांचा आडोसा केला. मला वाटलं बकरी तोंड लावते, म्हणून काटे टाकले. शेजारणीची नजर लागते असंही एकदा बोललो, तर बायको म्हणाली, "तिला काय दुसरं काम न्हाय? तुमची काडी बघत बसायला?"

वाफ्यात कडेकडेनं पांढरं दिसायला लागलं होतं. ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण उन्हाळ्यात आमच्या गावात काय पांढरं पडत नाही? भिंती पांढऱ्या, चपला पांढऱ्या, माझ्या पोटऱ्या पांढऱ्या. मी ते झाडूनं एका बाजूला करायचो आणि वरून बादली ओतायचो.

स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेवर एका मारवाड्याचं किराणा दुकान होतं. शेठ मारवाडातल्या वाळवंटातला, पण आमच्यात राहून त्याची भाषा खिचडी झाली होती. एके दिवशी कांदे द्यायला माझ्या घरी आला आणि मला पाणी ओतताना बघत उभा राहिला.

"भाऊ," तो म्हणाला, "इतना पानी हमारे गाँव में पूरा मोहल्ला पीता है. तुम एक झाड को पिलाता है, और वो फिर भी मरता है."

"मरत न्हाय. उन्हानं दमलंय."

"दमलंय!" तो हसला. "अरे, हमारे उधर रेत में बेर लगता है, अनार लगता है. जमीन पोली करो, बाजू में मटका गाडो, उस में मीठा पानी डालो. मटका थोडा थोडा पिलाएगा. ऊपर घास डालो. बस."

"शेठ, तुमच्या गावात पाणी न्हाय म्हणून मडकी पुरता. माझ्या विहिरीला पाणी हाय."

"है, पर कैसा है?"

"तुम्ही कांदे तोला," मी म्हटलं. "जमिनीचं मी बघतो."

वाळवंटातला माणूस मला पाणी शिकवणार! आणि प्यायचं पाणी झाडाला घालायचं म्हणजे काय? बायकांच्या डोक्यावरून आलेलं पाणी जमिनीत गाडायचं? गाव हसलं असतं. तो गेल्यावर मी मुद्दाम अजून दोन बादल्या ओतल्या.

बायको दारातून ऐकत होती. "शेठ काय वेडा न्हाय," एवढंच म्हणाली.

"मग त्यालाच बोलव अंगण चोपायला."

"चोपायलाच कशाला पाहिजे?" ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं झालं. मोगऱ्याची पानं गळाली. शेंड्याच्या काड्या तपकिरी झाल्या, हात लावला की मोडायच्या. ती आता सकाळी तिथं येऊन उभी राहत नव्हती. पाठ करून मागच्या दारी केस विंचरायची. मला त्याचा जास्त राग यायचा. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. भात वाढला, कोळंबीचं कालवण वाढलं. आणि ताटाच्या कडेला, जिथं मीठ वाढतात तिथं, तिनं चिमूटभर काहीतरी ठेवलं. मळकं, खडबडीत.

"हे काय गं?"

"मीठ."

"असलं मीठ आपल्या घरात कधीपासनं?"

"तुमच्या बागेतलं हाय," ती म्हणाली. "सकाळी खरवडून आणलं. वर्षभर राबलात. पहिलं पीक तुम्हीच चाखा."

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. डोळे भरले होते, पण नजर हटवत नव्हती.

मी बोट लावून जिभेवर ठेवलं. चाखायला नको होतं, पण तिनं चाखा म्हटलं आणि मी माघार घेणारा नव्हतो. मातीची चव, आणि मागून कडू. आमच्या आगरात असं कडू मीठ पडलं असतं तर मी ते वाफा करणाऱ्याच्या तोंडावर फेकलं असतं. तुडवलेला तळ, भोवती बांध, वरून खारं पाणी, वर ऊन. सगळं बरोबर केलं होतं मी. एकही गोष्ट चुकली नव्हती. मोगरा तेवढा त्यात मधे उभा होता.

कालवण-भात जेवलो, ती चिमूट ताटाच्या कडेलाच ठेवून उठलो. तिनं ताट उचलून नेताना भांडं जरा जोरात आपटलं, एवढंच.

ऊन उतरल्यावर वाफ्याशी जाऊन बसलो. पाणी घालायची वेळ झाली होती. घातलं नाही. बुडाशी जाड काडी होती तिची साल नखानं खरवडली. वर वाळलेली, आत बारीकशी हिरवी रेघ. मी बराच वेळ ती रेघ बघत बसलो. बायकोला हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून सांगणार काय? की अजून जिवंत हाय, तीन वर्षं मी मारतोय तरी? हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोड पाणी आणून, चुलीपुढं भाकऱ्या थापत बसली होती. मी कुदळ काढली. पहिल्यांदा खालच्या बाजूचा बांध फोडला. मग तळावर घाव घातला तर कुदळ टणकन उडाली, इतका तो चांगला चोपलेला होता. शेजारी बाहेर येऊन बघायला लागला. "काय ओ, अंगण फोडताय?" म्हणाला. मी म्हटलं, "माझं हाय, फोडीन." वरची पांढरी माती पाटीत भरून लांब गटारात टाकली. मुळाला धक्का न लावता भोवतीची ढेकळं हातानं फोडली. मिठागराच्या माणसाला जमीन भुसभुशीत करताना बघून शेजाऱ्याला काय वाटलं असेल ते वाटो.

मडकं आणायला बाजारात गेलो असतो तर वाटेत शेठचं दुकान होतं. त्यानं विचारलं असतं. म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, ती भाकरी उलटत होती तेवढ्यात कोपऱ्यातला प्यायचा माठ उचलला आणि भरलेलाच बाहेर आणला. मोगऱ्याच्या बाजूला खड्डा करून गळ्यापर्यंत पुरला. वर झाकण ठेवलं. भोवती भाताचा पेंढा पसरला.

आतून आवाज आला, "अहो, माठ कुठं गेला?"

मी पेंढा सारखा करत राहिलो.