अकीलाचं भावाचं पान अन् नवा मोजनारा

अर्पिता, घे लिहाले. अकीलाचं सांगते. जसं बोलते तसंच लिही, शाळेतल्यासारखं सुधरवू नको.

अकीला म्हंजे आपल्या फाट्यावरच्या जफरची बायको. जफर जळालेल्या मोटरी वायंडिंग करून देते. अकीलाचं माहेर उमरखेडचं, बापाचं सायकलीचं दुकान. लग्न होऊन आली तवा दुसऱ्या सुना आलमारी आनते, हिनं जुना कम्पुटर आनला. बाया पाहाले गेल्या. सुखीबाई म्हने, टीव्ही बरा हाय, पन मांगून सुजला हाय.  अकीलानं साऱ्यायले चहा पाजला.

मंग गावात शेतकऱ्यायची कंपनी निघाली. कंपनी म्हंजे एक खोली, एक पंखा, दोन खुर्च्या अन् देवसिंग अध्यक्ष. एका खुर्चीवर अकीलाले बसवलं. तिनं इंटरनेटवर कंपनीचं पान बनवलं. रोज सकायी ती बाजारात फोन लावे, यवतमाळ, वणी, बाभूळगाव, कापूस काय भावानं चालला ते इचारे अन् पानावर टाके. पगार काही सांगन्यासारखा नव्हता. पन घरून तयार होऊन निघाचं, कुलूप उघडाचं, आपल्या खुर्चीवर बसाचं, हे तिले आवडे. एकदा मले म्हने, "मावशी, घरी मी कोनाची तरी कोन असते. इथी मी अकीला."

तवाचं साल तुले आठवत असन. आधीच्या साली कापसाले भाव बरा भेटला होता, म्हनून सारे म्हने थांबू, अजून वाढन. भाव पडत गेला अन् कापूस घरातच राह्यला. आपल्या बैठकीत कापूस, देवाच्या फोटोपर्यंत कापूस. ऊन तापलं अन् साऱ्यायले खाज सुटली. डॉक्टर म्हने, कापूस घराबाहेर काढा. तुझा आजा म्हने, आधी डॉक्टरले बाहेर काढतो. म्हनून मी दुपारची कंपनीच्या पंख्याखाली जाऊन बसे.

एक दिवस अकीलाचं तोंड उतरलं होतं. मी इचारलं, काय झालं?

ती म्हने, "मावशी, पानाच्या मांगं एक मोजनारा बसवला राहते. कोन आलं, कुठून आलं, किती घडी थांबलं, सारं मोजते. तो जुना मोजनारा आता बंद होऊन राह्यला. नवा बसवा लागते."

"म्हंजे पटवारी बदलला."

"हो. अन् जुने कागद नव्याले देऊन नाही जात. याले सारं पह्यल्यापासून शिकवा लागते."

तिनं दोघायलेही काही दिवस संगंच ठेवलं, जुना बी मोजे अन् नवा बी. तिथीच घोटाया झाला. जुन्याचा आकडा मोठा, नव्याचा इवलासा. जुना मोजनारा पान किती डाव उघडलं ते वर दाखवे. नवा मोजे मानसं. एका फोनवरून शंभर डाव उघडा, त्याच्या हिशोबानं मानूस एकच.

आता आपल्या गावात पान वाचते कोन? फोन घरोघरी हाय, पन भाव आयकाचा तं नानाजीच्या हॉटेलात जाऊन, नानाजीच्याच तोंडून. रेंजही तिथीच चांगली. मानूस बाकड्यावर टेकला की म्हने, नानाजी, काय म्हनते आज? नानाजी हात पुसे, पान उघडे, वाचे, अन् वरून दोन शिव्या आपल्या घालून दे. दुसरा आला की पुन्हा उघडे. मी म्हनलं, आताच तं वाचलं ना? तं म्हने, मैनाबाई, शिळा भाव कोनी आयकते का?

जुन्या मोजनाऱ्याले वाटे इथी जत्रा भरली हाय. नव्याले दिसे, एक नानाजी हाय, त्याले झोप येत नाही.

देवसिंग आकडा पाहाले आला. सफेद कपडे, खिशाले पेन. म्हने, "बाई, हे काय? मांगच्या महिन्यात येवढे लोकं होते, मेले का सारे?"

"नाही साहेब. मोजाची पद्धत बदलली."

"अन् हे काय लिवलं? वाचनारे नागपूरचे?"

"टॉवरची लाईन नागपुरातून येते, म्हनून त्याले तसं वाटते."

"नागपूरवाले कधीपासून कापूस वेचाले लागले?"

 देवसिंग म्हने, माह्या पुतन्यानं व्हाट्सपवर ग्रुप काढला हाय, त्याच्यावर येवढे मेंबर हाय. या पानाचं सोमवारच्या मिटिंगमधे ठरवू. पान गेलं म्हंजे खुर्चीही गेली, हे त्यानं नाही म्हनलं. पन खुर्चीकडे पाह्यलं.

तो पुतन्याचा ग्रुप आपल्या घरीही हाय. सकायी फूल येते, मंग सूर्य, मंग देव, मंग एखांदा भाव, तोही परवाचा.

अकीलानं डोकं चालवलं. पानावर खाली एक बटन बसवलं, वर लिवलं 'आयकनारे'. नानाजीले जाऊन सांगितलं, नानाजी, भाव वाचला की जेवढे आयकाले बसले असन तेवढ्या डाव बटन दाबा, नवा मोजनारा लिवून घेईन. नानाजी म्हने, येवढंच ना? दाबतो.

मानूस भरोशाचा हाय नानाजी, त्यानं इमानदारीनंच दाबलं. दोन दिवसात आकडा असा वाढला का अकीलानं कम्पुटर बंद करून पुन्हा चालू केला. देवसिंगानं पाह्यलं अन् म्हने, "बाई, आपल्या मतदार यादीत येवढी नावं नाहीत. मेलेले धरून नाहीत."

अकीला हॉटेलात गेली, मी तिच्या मांगं. "नानाजी, किती लोकं बसले होते सकायी?"

"भीमराज होता. अजून दोन-तीन."

"मंग येवढं काहून दाबलं?"

"चुलबंद मोजले," नानाजी म्हने.

अर्पिता, वाचनाऱ्याले सांगून ठेव. आपल्याकडे लग्नाचं आवतन चुलबंद देलं म्हंजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. बुढे, लेकरं, आलेला पाव्हना, सारं घर जेवाले येते. नानाजी तसंच मोजत होता. भीमराजनं भाव आयकला म्हंजे त्याच्या बायकोनं आयकला, मायनं आयकला, सालगड्यानं आयकला. सोयरे आले असन तं तेही धरले.

अकीला म्हने, "नानाजी, फक्त बसलेले धराचे होते."

"बाई, दारी आलेला मानूस मी एकटा कसा धरू? उद्या तो म्हनन, नानाजीनं माह्या घराले मोजलं नाही."

 

शनिवारी तिच्या बहिनीची मंगनी होती उमरखेडले. सकायच्या एसटीनं निघाची घाई. तिनं इचार केला, सोमवारी खोटा आकडा दाखवन्यापेक्षा बटन काढून टाकते, जुना मोजनाराही काढते, संगंच. पानाच्या मांगं जे लिवलं राहते ते तिनं कापलं, अन् कापता कापता गरजेचंही कापल्या गेलं. तिले ते समजलंच नाही. ती एसटीत बसली. भाव तिकडून फोनवरून टाकन म्हने.

इकडे नानाजीनं हात पुसून पान उघडलं तं पांढरंफट. ना भाव, ना बाजाराचं नाव.

अन् नेमका त्याच दिवशी गावात कापूस घेनाऱ्याची गाडी आली. गाडीवाला घरोघरी भाव सांगे, लोकं म्हने थांब बापू, नानाजीले इचारून येतो. नानाजी म्हने पान कोरं हाय, मले काय इचारता, अध्यक्षाले इचारा. सारे निघाले देवसिंगाच्या घराकडे. त्याचं घर आपल्या समोरच, मले ओसरीतून सारं दिसे.

देवसिंग आंघोळीले बसला होता. बाहेरून आवाज, "देवसिंगभाऊ, भाव काय हाय?"

"थांबा, येतो."

"गाडीवाला थांबत नाही ना."

टॉवेलावरच आला तो. पुतन्याचा ग्रुप पाह्यला तं त्याच्यावर गुलाबाचं फूल होतं. जफरले बोलावलं. जफरनं पान पाह्यलं अन् म्हने, मोटर असती तं खोलून पाह्यली असती. लोकं येतच राह्यले. अंगन भरलं, रस्ता भरला. सारे खाजवत उभे. देवसिंगाची बायको चहा ठेवे, चहा पुरे ना. शेवटी गाडीवाला देवसिंगाच्याच दारात येऊन म्हने, अध्यक्षसाहेब, तुमचाही कापूस हाय ना, सांगा, भरू का? देवसिंगाले स्वतःलेच भाव माहीत नव्हता.

त्यानं अकीलाले फोनावर फोन लावले. रस्त्यात रेंज नव्हती. दुपारी ती उमरखेडले उतरली तवा लागला. देवसिंग म्हने, "बाई, तू कुठी हाय? माह्या घरात मले बसाले जागा नाही."

तिनं बापाच्या दुकानात उभं राहून फोनवरच पान सुधरवलं, बाजारात इचारून भाव टाकला. नानाजीनं तिथीच देवसिंगाच्या ओसरीवर उभं राहून भाव वाचला. गाडीवाला सांगत होता तो भाव त्याच्यापेक्षा कमी निघाला. गाडीवाला म्हने, मले कुठी माहीत होतं. लोकायनं त्याले पानी पाजलं अन् गाडी रिकामी वापस पाठवली.

सोमवारी मिटिंग झाली. मी पंख्याखाली होतीच. अकीला उभी राह्यली अन् तिनं आधीच सांगून देलं, "साहेब, शनिवारी पान माह्या हातानं बिघडलं. घाईत जास्तीचं कापलं. अन् नवा मोजनाराही त्याच्यातच कापल्या गेला, म्हनून शनिवारचा आकडा शून्य हाय."

देवसिंगानं चष्मा काढला. "शून्य?"

"हो साहेब. त्याच्या हिशोबानं त्या दिवशी कोनीच आलं नाही."

"माह्या अंगनातली तुयस तुडवली लोकायनं."

"ते त्याले दिसत नाही साहेब."

चष्मा पुसून देवसिंग म्हने, "पान चालू ठेवा. बाई बी राहीन. अन् बाई, माहेरी जाच्या दिवशी पानाले हात लावाचा नाही, हे मिटिंगमधे लिवून घ्या." पुतन्या काही तरी बोलाले उठला, तं देवसिंग म्हने, तू बस, तुह्या गुलाबानं मले शनिवारी लय मदत केली.

दुसऱ्या दिवशी अकीलानं कुलूप उघडलं, खुर्ची पुसली, बाजारात फोन लावले. भाव अजून पडला होता. तिनं दोन डाव इचारून खात्री केली अन् होता तसा टाकला.